न लिहिलेले चार एप्रिल

कुंपणाला तीनशे बारा खांब आहेत, ओढ्यावरच्या पुलापासून वरच्या मेंढवाड्यापर्यंत. दर दहाव्या खांबावर पांढऱ्या रंगात आकडा घातलेला आहे. एप्रिलमध्ये ऊन आलं आणि वारा पडला, की रानॉख सुंदरीची मादी या खांबांवर चढून ऊन खात बसते. पतंगाची जात असली तरी तिला पंख नसतात. करडी, केसाळ, पाठीवर फिकट नारिंगी रेघा, बोटाच्या पेराहून लहान. पहिल्यांदा चित्र बघणारा हमखास विचारतो, ही सुंदरी?

"नाव ठेवणारा बरेच महिने माळावर एकटा राहिलेला असणार," असं डोलिना प्रत्येक नव्या पाहुण्याला सांगते.

डोलिनाचं पाहुणेघर माळाच्या पायथ्याशी आहे. एप्रिलमधला एक आठवडा ती पतंग आणि प्राणी बघायला येणाऱ्यांसाठी ठेवते. पहाटे काळ्या रानकोंबड्यांचा नाच, सकाळी दिव्याच्या सापळ्यातले पतंग, दिवसा हरणं, गरुड आणि कुंपणाचे खांब. हे सगळं दाखवतो तिचा मोठा भाऊ टॉर्किल. वय त्र्याहत्तर. एक्केचाळीस वर्षं तो इथल्या इस्टेटीवर हरणांच्या शिकारीची व्यवस्था बघत होता. मी, मार्सली, गेल्या उन्हाळ्यात ॲबर्डीनहून प्राणिशास्त्राची पदवी घेऊन परत आले आणि या वसंतात त्याच्या हाताखाली लागले.

मार्चमध्ये निसर्गरक्षण कार्यालयाचं एक पत्र आलं होतं. ते टॉर्किलने मला तीनदा वाचायला लावलं. इस्टेटीच्या नव्या मालकाला अख्ख्या माळावर स्प्रूसची झाडं लावायची होती, लाकडासाठी. सुंदरी माळावर आहे तोवर ते करता येत नाही. लागोपाठ पाच वर्षं पाहणी करून एकही दिसली नाही, तरच ती इथून गेली असं धरतात. कार्यालयाकडची शेवटची नोंद पाच वर्षांपूर्वीची होती: दोन माद्या, टॉर्किलच्या सहीने. त्यापुढे चार वर्षांची पाहणीच नाही, म्हणून 'स्थिती अज्ञात'. या वर्षीची पाहणी सोबतच्या फॉर्मवर पाठवावी, अशी विनंती होती.

"म्हणजे एक दिसली की झालं," टॉर्किल म्हणाला. "एकच. खांबावर, पाच माणसांसमोर. मग ये म्हणावं स्प्रूस घेऊन."

त्याच्या बोलण्यात तेव्हा जोर होता.

सोमवारी पहिली फेरी झाली. पाहुणे पाच: दोन पिकरिंग बहिणी, एक अबोल डच जोडपं आणि मिस्टर ऑक्स्टबी, हल शहरातल्या शाळेतून निवृत्त झालेले रसायनशास्त्राचे शिक्षक. कामाची रीत सोपी आहे. प्रत्येकाने खांब चारी बाजूंनी बघायचा, मुळापासून माथ्यापर्यंत, लाकडाच्या भेगांतसुद्धा. मग मोठ्याने 'नाही' म्हणायचं आणि पुढे जायचं. मी पाठीमागून कागदावर खुणा करत जाते. गारांचा पाऊस आडवा येत होता. अशा हवेत मादी वर चढत नाही हे आम्हाला माहीत होतं, पण पाहुण्यांचे पैसे भरलेले होते आणि टॉर्किलला घरात बसवत नव्हतं.

"नाही!" मिस्टर ऑक्स्टबी ओरडायचे, वर्गात हजेरी घेतल्यासारखे. "नाही! हा शेवाळाचा ठिपका आहे, सुंदरी नाही. नाही! टॉर्किल, तुमची सुंदरी फार लाजाळू बुवा."

"लाजाळू नाही. शहाणी आहे," टॉर्किल म्हणाला. "या हवेत बाहेर फक्त इंग्रज पडतात."

धाकट्या पिकरिंगबाई इतक्या हसल्या की त्यांचा चष्मा ओढ्यात पडता पडता राहिला. तीनशे बारा खांब, तीनशे बारा 'नाही'. बुधवारीही तेच झालं, फक्त गारांऐवजी बर्फ होतं आणि विनोद कमी झाले होते.

बुधवारी संध्याकाळी फॉर्म भरायला घेतला. त्यात एक रकाना होता: 'मागील पाच वर्षांत या जागी पाहणी झाली असल्यास तारखा व संख्या द्याव्यात.' मी टॉर्किलच्या वह्या मागून घेतल्या. सव्वीस वर्षांच्या नोंदी, सगळ्या शिसपेन्सिलीने, हवा, वारा आणि खांबाच्या आकड्यासकट. सुरुवातीला एका फेरीत तीस-चाळीस माद्या. मग वीस. मग सात, पाच, दोन. त्यानंतर २०२१ पासून काहीच नाही. वही संपलेली नव्हती. पुढची पानं कोरी होती.

गुरुवारी सकाळी सात वाजता अंगणात सापळा उघडायचा होता. लाकडी पेटी, वर दिवा आणि आत अंड्यांचे पुठ्ठे, ज्यांच्या खळग्यांत पतंग दडून बसतात. पाहुणे अजून खाली आले नव्हते. टॉर्किल एकेक पुठ्ठा उचलून हळूच उलटा करत होता. आतले पाचसहा तपकिरी पतंग थंडीने गारठून बसले होते. सुंदरीचा नर दिव्याला येतो कधीकधी. आला नव्हता.

"टॉर्किल, एकवीस ते चोवीस वहीत काहीच नाही," मी म्हणाले. "तुम्ही गेला नव्हतात?"

"न जायला काय झालं? दरवर्षी गेलो. तीन-तीनदा."

"मग?"

"मग काय? नव्हतं काही."

"मग शून्य लिहायचं ना!"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी पानात न वाढलेल्या पदार्थांची यादी मागितली होती.

"पोरी, एक्केचाळीस वर्षं इस्टेटीची शिकारवही लिहिली मी. हरीण मिळालं की लिहायचं. वजन, शिंगं, कोणी मारलं, कुठे. रिकाम्या हाताने परत आलो तर त्या दिवसाची ओळच नसते. साहेबलोक आठ दिवस भिजून, काही न मिळवता गेले, तर त्यांच्या नावापुढे शून्य घालून ठेवायचं? अब्रू त्यांचीही जाते नि माझीही."

"पण ही शिकारवही नाही."

"वही तीच आहे." त्याने पुठ्ठा खाली ठेवला. "इस्टेटीवरच्या कपाटात दोन डझन उरल्या होत्या, त्याच आणल्यात."

मला हसू आलं आणि पुढच्याच क्षणी ते गेलं, कारण मनात बेरीज झाली होती. टॉर्किलची माझ्याआधी झाली असावी. तो सापळ्यावर ओणवा होता, तसाच थांबला.

"म्हणजे," तो सावकाश म्हणाला, "ते कोरं आहे म्हणून माळ आहे."

"हो. चार शून्यं लिहिली असती आणि या वर्षी काही दिसलं नाही, तर पाच होतात."

"आणि कोरं राहिलं तर?"

"तर या वर्षीचं पहिलं शून्य. अजून चार वर्षं त्यांना हात लावता येणार नाही."

"मग कोरंच बरं की!"

"पण फॉर्मवर विचारलंय, टॉर्किल. पाहणी झाली होती का म्हणून. खाली सही तुमची आहे."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण विद्यापीठात चार वर्षं मला एकच गोष्ट शिकवली होती, की कोरा रकाना आणि शून्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोरा म्हणजे कोणी बघितलं नाही. शून्य म्हणजे बघितलं आणि नव्हतं. हे मी त्याला सांगितलं. त्यावर थांबले असते तरी चाललं असतं.

"पहिल्या वर्षीच शून्य गेलं असतं ना," मी म्हणाले, "तर कार्यालयातून कोणीतरी बघायला आलं असतं. मर्टलची झुडपं हरणांनी पार बुडख्यापर्यंत खाल्लीत, हे त्यांना तेव्हाच दिसलं असतं. सुंदरीच्या अळ्या त्याच्यावरच वाढतात. हरणं कमी केली असती, तर कदाचित..."

हरणं वाढवणं ही त्याची एक्केचाळीस वर्षांची नोकरी होती. मला ते माहीत होतं. त्याने सापळ्याचं झाकण लावलं, आतले पतंग अजून मोजायचे होते तरी.

"उद्या ऊन आहे," तो म्हणाला. "उद्या बघू."

शुक्रवारी खरोखर ऊन पडलं. सकाळी दहाला वारा इतका पडला होता, की ओढ्याचा आवाज मेंढवाड्यापर्यंत ऐकू येत होता. पुलाच्या कठड्याला हात लावला तर दगड कोमट लागला. सुंदरीसाठी याहून चांगली हवा असूच शकत नाही. टॉर्किल सगळ्यांच्या पुढे होता, आणि आज तो स्वतः प्रत्येक खांब बघत होता, पाहुण्यांचा बघून झाला की पुन्हा. खांबांवर कोळी होते, माश्या होत्या, एका खांबावर वेगळ्या जातीचा एक लहान पतंग होता. पिकरिंगबाई 'नाही' म्हणताना आवाज खाली आणू लागल्या, एखाद्याच्या घरी आजारी माणूस असल्यासारख्या. मिस्टर ऑक्स्टबी मात्र शेवटपर्यंत नीट, स्पष्ट 'नाही' म्हणत राहिले. मला ते आवडलं.

तीनशे बाराव्या खांबाशी टॉर्किल गुडघ्यावर बसला. खांबाचं मूळ, तारेचा पीळ, लाकडातली भेग, सगळं त्याने भिंगातून पाहिलं. मग उठताना त्याला माझा हात धरावा लागला.

"कोष दोन-तीन हिवाळेसुद्धा जमिनीत काढतो कधीकधी," मी म्हणाले. हे खरं आहे. पण पाच हिवाळे झाले होते, आणि हा पाचवा वसंत होता.

"माहितीये मला," तो म्हणाला.

दुपारी चहाला सगळे स्वयंपाकघरातल्या लांब टेबलाशी बसले होते. डोलिनाने गरम स्कोन आणि लोणी ठेवलं. फॉर्म माझ्यासमोर होता. डोलिना पुसणं खांद्यावर टाकून टेबलाच्या टोकाशी उभी राहिली आणि म्हणाली,

"मी काल एक बघितली की."

सगळ्यांनी माना वळवल्या.

"काय बघितलीस?" टॉर्किलने विचारलं.

"तुझी ती. सुंदरी. कुत्र्याला घेऊन वर गेले होते. दोनशे ऐंशीच्या पुढे, आठ की नऊ असेल. खांबावर बसली होती, बापडी."

"अरे वा!" मोठ्या पिकरिंगबाई म्हणाल्या. डच बाईंनी टाळी वाजवली.

"कधी गेली होतीस?" टॉर्किल.

"सकाळीच. साडेसातला."

"काल साडेसातला खांबांवर पांढरं दहिवर होतं. सापळ्याचं झाकण गोठून चिकटलं होतं. ती वर कशाला येईल?"

"मला काय माहीत? तिला विचार."

"रेघा कुठे होत्या तिच्या?"

"नारिंगी होत्या रे, चित्रात आहेत तशा."

"कुठे होत्या विचारतोय."

डोलिनाने पुसणं खांद्यावरून काढलं. "कडेने," ती म्हणाली, आणि मग टॉर्किलच्या तोंडाकडे बघून, "पाठीवर. कडेने नि पाठीवर. माझा चष्मा नव्हता."

मिस्टर ऑक्स्टबींनी घसा साफ केला.

"माझं म्हणाल तर," ते म्हणाले, "घरच्या बाईंनी पाहिली आहे. त्यांचं नाव, तारीख, खांबाचा अंदाजे आकडा. लिहा 'एक'. उलट विचारायला कोण येणार आहे? चांगल्या कामासाठी आहे."

आता सगळे माझ्याकडे बघत होते. पेन माझ्या हातात होतं. त्या क्षणी मला काय करावंसं वाटलं ते मी लपवणार नाही. मला 'एक' लिहावंसं वाटलं. एक सरळ रेघ, तेवढ्याने अख्खा माळ वाचत होता.

"पोरी, पेन खाली ठेव," टॉर्किल म्हणाला. मग बहिणीकडे वळला. त्याचा आवाज चढला नाही. "डॉली, सव्वीस वर्षांत मी न बघितलेला एक पतंग त्या वहीत नाही. एकही नाही."

"आणि बघायला गेलेला दिवस आहे का त्यात?" डोलिना तडकली. "मोठा आलाय खऱ्याचा! चार वर्षं डबा मी भरून देत होते. सकाळी भरलेला, संध्याकाळी तसाच परत. मला कळत नव्हतं वाटतं? तुझ्या त्या कोऱ्या पानांपेक्षा माझं खोटं तरी कोणाच्या उपयोगाला येईल."

टॉर्किलने चहाचा कप दोन्ही हातांनी धरला. धाकट्या पिकरिंगबाईंनी बहिणीला कोपराने ढोसलं, बाहेर जाऊया म्हणून, पण कोणी हललं नाही.

"एफीला ओळखतेस ना," तो शेवटी मला म्हणाला. "पलीकडच्या खोऱ्यात टपाल वाटते ती. तिच्याकडेही कुंपण आहे. तिच्या खांबांवर दोन वर्षांपूर्वी अकरा होत्या. गेल्या वर्षी चार."

"हो."

"माझ्याकडे सात, पाच, दोन आणि पुढे कोरं. एफी माझे आकडे बघते. तिला वाटतं, दोनावर येऊन म्हातारा दमला, जायचा थांबला. सुंदरी असेल अजून तिकडे, वेळ आहे." त्याने कप खाली ठेवला. "वेळ नाहीये. दोनानंतर काय येतं ते तिला कळायला हवं."

"टॉर्किल, पण मग माळ..."

"माळावर काही नाही, पोरी. आज तू बघितलंस. पाच माणसांनी बघितलं." मग, थोड्या वेळाने, "लिही. एकवीस. अकरा एप्रिल, गारा. अठरा, ढगाळ. सत्तावीस, ऊन, वारा नाही. तिन्ही वेळा सगळे खांब. शून्य."

मी लिहिलं. माझं अक्षर चांगलं आहे, त्या दिवशी नव्हतं.

"बावीस. नऊ एप्रिल, ऊन. सोळा, ऊन. चोवीस, पाऊस. शून्य. तेवीस. बारा एप्रिल..."

"तेरा," डोलिना म्हणाली. ती आमच्याकडे पाठ करून भांडी धूत होती. "बाराला माझी दाढ काढायची होती, तू मला गाडीतून घेऊन गेलास. दुसऱ्या दिवशी गेलास वर."

"तेरा," टॉर्किल म्हणाला. "ऊन. शून्य. नंतर एकवीस, अठ्ठावीस. शून्य, शून्य."

चोवीसचे तिन्ही दिवस त्याने एका दमात सांगितले. मग मी पंचवीसच्या रकान्यात सोमवार, बुधवार आणि शुक्रवार लिहिले. मिस्टर ऑक्स्टबींनी साक्षीदार म्हणून सही केली. सही करण्याआधी त्यांनी फॉर्म वरपासून खालपर्यंत वाचला.

शेवटी 'शेरा' म्हणून एक रिकामी ओळ होती.

"तिथे लिही," टॉर्किल म्हणाला, "मर्टल खाल्लेलं आहे. हरणं फार झाली. मी चार वर्षं गेलो आणि नोंद केली नाही."

"तिसरं वाक्य लिहायलाच हवं का?"

"ते सगळ्यात आधी लिही."

शनिवारी पाहुणे गेले. पिकरिंग बहिणींनी पुढच्या एप्रिलसाठी खोली राखून ठेवायला सांगितलं. डोलिनाने हो म्हटलं, पण पाहुण्यांच्या वहीत नाव घातलं नाही. त्याच दिवशी फॉर्म गेला. कार्यालयातून दोन ओळींचं उत्तर आलं: माहिती अत्यंत उपयुक्त आहे, आभारी आहोत.

सप्टेंबरमध्ये मालकाची माणसं माळावर काठ्या रोवून गेली. ऑक्टोबरात नांगरणीचं यंत्र आलं. नवं कुंपण उंच, हरणं आत येऊ नयेत असं, त्यामुळे जुने खांब उपटून ओढ्याकाठी रचून ठेवले. डोलिना हिवाळ्यासाठी त्यातले काही जळण म्हणून घेऊन आली. टॉर्किलने ते फोडून दिले. रंगवलेल्या आकड्यांपाशी तो थांबेल असं मला वाटलं होतं, पण तो थांबला नाही.

एफीच्या खोऱ्यात मात्र आमचा फॉर्म बघून कार्यालयाने नोव्हेंबरपासून हरणांची संख्या कमी करायला घेतली आहे. ते काम तिथल्या लोकांना नीट जमत नव्हतं. टॉर्किल आठवड्यातून दोनदा तिकडे जातो, बंदूक घेऊन. परत आला की स्वयंपाकघरात बसून इस्टेटीच्या त्याच वहीत लिहितो. परवा मी डोकावून बघितलं. तारीख होती, हवा होती, वाऱ्याची दिशा होती आणि पुढे ठळक, दोनदा गिरवलेलं शून्य होतं.